मेहरूण तलावमार्गे सप्तशृंग गड

२ मार्च १९८९, पहाटे ५.१०
उठलो. नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.
ठरलं. यंदा चैत्र पौर्णिमेला, म्हणजे २१ एप्रिलला, सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणार. जळगाव ते गड सव्वादोनशे किलोमीटर. नवस आईचा. १९६२ साली मी मॅट्रिकला तिसऱ्यांदा बसलो तेव्हा तिने देवीला सांगितलं, पोरगा पास झाला तर चैत्रात पायी तुझ्या गडावर येईल, आणि तो येईपर्यंत मी आंब्याला शिवणार नाही. गणितात पस्तीस पडले. तेव्हापासून सत्तावीस उन्हाळे आईने आंबा खाल्लेला नाही. मध्यंतरी माझ्या अडचणी होत्या. आधी नोकरी नव्हती, मग नोकरी होती.
काल बाजारात कैऱ्या दिसल्या. आई म्हणाली, "गिरधर, मरानं पहिले माले आखाजीले रस खावाना शे." मी म्हटलं, नवस बोलताना मला विचारलं होतंस का? "नवस मना, पाय तुना," म्हणाली आणि लसूण सोलायला लागली.
आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, ८ मेला आहे. आई यंदा रस खाणार. मर्दाचा शब्द.

३ मार्च, सकाळी ८.४०
गजर वाजला. सौ.ने बंद केला. मीच सांगितलं होतं, पण तिने ऐकायला नको होतं.

१० मार्च
ऑफिसात जाहीर केलं. आमचा शिपाई चिंधा दरवर्षी पायी जातो. वय पन्नास, शिक्षण चौथी, टाचांना भेगा. म्हणाला, भाऊसाहेब, आमच्यासोबत चला, बारा एप्रिलला निघतो, रोजचे पंचवीस किलोमीटर, लई सोपं. मी त्याला समजावलं की नियोजन नसलं की माणसाला सोपंच वाटतं.

१२ मार्च
खरेदी: कॅनव्हासचे पांढरे बूट, पाण्याची छागल, बॅटरी, गोल टोपी, मलम, अंतराची वही. सगळं अंगावर चढवून खोलीतून स्वयंपाकघरात गेलो. आई म्हणाली, "शिकारले चालना का?" दुर्लक्ष केलं.

१५ मार्च
सराव सुरू. मेहरूण तलावाला एक फेरी. तीन किलोमीटर धरली. निम्म्यावर भज्यांची गाडी लागते. तेल ताजं होतं. उरलेली निम्मी फेरी मनाने पूर्ण केली. वहीत: ३.

१९ मार्च
भजी खाताना विचार आला तो लिहून ठेवतो, कारण असे विचार रोज येत नाहीत. सव्वादोनशे किलोमीटर सलगच चालले पाहिजेत असं आई कुठे बोलली होती? आमच्या पाटबंधारे खात्यात धरण टप्प्याटप्प्याने होतं. आधी भिंत, मग वीस वर्षांनी कालवा. कोणी त्याला धरण नाही म्हणतं का? तेव्हा अंतर इथेच तलावाभोवती भरून काढायचं आणि शेवटी एसटीने गडाला जाऊन फक्त पायऱ्या चढायच्या. एकूण बेरीज तीच.
आईला सांगितलं. "तलावले फेऱ्या मारीसन देवी भेटस का?" जुन्या पिढीला टप्पे कळत नाहीत.

२५ मार्च
एकूण ४१. यात ऑफिसातलं चालणं धरलं आहे. माझं टेबल ते साहेबांची केबिन, जाऊन-येऊन चौदा पावलं. साहेब चिडलेले असतात तेव्हा फेऱ्या वाढतात.

५ एप्रिल
९७. सौ. भाजीला पायी जाते. तिच्या पुण्यात माझा निम्मा वाटा आहे, म्हणून तिचं निम्मं अंतर माझ्या खात्यावर. सौ. म्हणाली, "बुटांचे तळवे कोरे करकरीत आहेत, वही मात्र झिजली." बायकांना बेरजेपेक्षा तळव्यात जास्त रस.

९ एप्रिल
१२६. डावी टाच दुखते. चेंडूवर पाय पडला. (घरातच.) ऊन त्रेचाळीस अंश. वही थांबवली. पण नवस थांबणार नाही. तोड सापडली आहे.

१० एप्रिल
चिंधाला केबिनच्या दाराशी बोलावलं. म्हटलं, माझे बूट घालून जा. बूट माझे, तेव्हा पावलं माझी. साहेब रजेवर गेले की चार्ज दुसऱ्याकडे जातो, सही मात्र खुर्चीची असते, तसंच हे. चिंधाने बूट उलटेपालटे करून पाहिले. "भाऊसाहेब, देवी इचारी, ह्या कोना बूट शेतस?" मी तशी चिठ्ठी लिहून दिली, शिक्क्यासह.

१२ एप्रिल
चिंधाची मंडळी निघाली. निरोप द्यायला जकात नाक्यापर्यंत गेलो. (स्कूटरने. आई मागे.) आईने चिंधाच्या पायांना कुंकू लावलं आणि त्याच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. बूट जपून वापर, असंच असणार. माझे बूट त्याने गळ्यात लटकवले होते. शहर संपल्यावर घालेल.

२१ एप्रिल, धुळे
पौर्णिमा. ठरल्याप्रमाणे एसटीने निघालो. धुळ्यापर्यंत बसायला जागा मिळाली, हा कौल समजलो. धुळ्याच्या स्टँडवर गडाच्या बसगाड्यांत माणसं खिडकीतून शिरत होती. मी खिडकीतून शिरणाऱ्यातला नाही. शिवाय अडकलो होतो.
मग पांझरेकाठी एकवीरा देवीचं दर्शन घेतलं. देवी देवीच. राहता राहिला डोंगर. म्हणून लॉजच्या गच्चीवर तीन मजले चढलो, गडाच्या दिशेला हात जोडले. एक धुणं वाळत घालणारी बाई म्हणाली, "तिकडे टाकी आहे." रात्री शेवभाजी उत्तम.

२७ एप्रिल
चिंधा परतला. पाय फाटलेले, चेहरा हसरा. बूट गळ्यातच. पांढरेशुभ्र. म्हणाला, "भाऊसाहेब, तुमचे बूट, पायात कसे घालू?" म्हणजे माझे बूट सव्वादोनशे किलोमीटर गेले, पण चालले नाहीत. हा मुद्दा मी शांतपणे विचारात घेतोय.
आईने ओसरीवर चिंधाला बसवून गरम पाण्याने त्याचे पाय धुतले. मला पाणी आणायला लावलं. दोन बादल्या.

२८ एप्रिल
ऑफिसात चिंधाला कोपऱ्यात घेऊन विचारलं, आई कानात काय म्हणाली होती? आधी मान हलवत राहिला, मग खाली बघून म्हणाला, अक्काने (आईला तो अक्का म्हणतो) सांगितलं तसंच वर बोललो: "माय, मी द्रौपदाबाईना मोठा पोऱ्या. नवस फेडाले ऊनू."
घरी येऊन आईला विचारलं, हे काय? म्हणाली, देवीला पोऱ्या पायी येणार असं सांगितलं होतं, आला. मी तांत्रिक हरकत घेतली: नवस मॅट्रिकचा आहे, चिंधा चौथी पास. आई म्हणाली, "देवी मार्कलिस्ट मांगत नही."

८ मे, आखाजी, दुपारी २
आमरस, पुरणपोळी. शेजारच्या मंदाबाईंसह आळीतल्या चार जणी आल्या होत्या. पहिल्या पाटावर चिंधा, नव्या टोपीत, कानकोंडा होऊन. दुसऱ्या पाटावर मी. आंबे मीच पिळले, कारण म्हणे धाकट्याचं ते काम.
आईने चिंधाला वाढलं, मग स्वतःच्या वाटीत घेतलं. बोट बुडवलं, चाटलं, डोळे मिटले. सौ.ने पदर डोळ्याला लावला. आई म्हणाली, "गोड शे."
सत्तावीस वर्षं दर आखाजीला तिच्यासमोर बसून मी तिला हेच सांगत आलो होतो.

तोच दिवस, संध्याकाळी ६
आईने चिंधाच्या बायकोसाठी रसाचा डबा भरला. त्याचं घर मेहरूणला. मला म्हणाली, "दोन किलोमीटर शे. इतलं तरी पायी जाय."
निघालो. बूट घातले. कोपऱ्यापर्यंत गेलो. हवेत उष्मा फार, रस नासला असता. रिक्षा केली. तलावाच्या कडेनेच गेली.
वहीत: १२६ + २ = १२८. बाकी ९७. होऊन जाईल.