बावन्न रविवारांचे शुद्धिपत्र

प्रिय टिमकी,

आज सोमवार. शुक्रवारपर्यंत तुला त्या मोठ्या वाद्यवृंदाला उत्तर कळवायचे आहे, हे मला तुझ्या आईकडून समजले. तू मला सांगितले नाहीस याबद्दल तक्रार नाही. गेली सात वर्षे तू माझ्याशी माझ्या गुडघ्यापासून गळक्या नळापर्यंत सगळ्या विषयांवर बोलतेस, ड्रम तेवढे वगळतेस, आणि त्याचे कारण मला ठाऊक आहे. मुख्य ड्रमर म्हणून बोलावणे येऊनही तू दहा दिवस होकार अडवून धरला आहेस. तिथे वादकांच्या कानात ठोके मोजून देणारे यंत्र नसते. चाळीस माणसे एकट्या ड्रमरच्या हाताकडे पाहून वाजवतात. तू आईला फोनवर म्हणालीस, "माझा हात धावतो गं. माझ्यामागे चाळीस जण फरफटतील." तुझा हात धावतो हे तुला कोणी सांगितले, ते आपण तिघेही जाणतो. म्हणून विनंती अशी, की हे पत्र शेवटपर्यंत वाचावेस आणि मधली पाने गाळू नयेस.

टिमकी हे नाव तुला आत्याने दिले. चार वर्षांची असताना तू स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली तीन रिकामे डबे पालथे मांडून दोन लाटण्यांनी ते बडवत होतीस, आणि आत्या म्हणाली, "वहिनी, हिला शाळेत घालू नका, मिरवणुकीत घाला." मी त्या वेळी वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही, परंतु एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, ती आजवर कोणाला सांगितलेली नाही. डबे तीन होते आणि तुझा क्रम चुकत नव्हता. पुढे आमच्या बस डेपोतल्या मिस्त्रींनी जुन्या टायरचा तुकडा फळीवर ठोकून तुला सरावासाठी पाट करून दिला. मास्तरांनी, म्हणजे कोपऱ्यावरच्या त्या निवृत्त बँडवाल्यांनी, पहिल्याच दिवशी तुझा डावा हात उचलून पाहिला आणि म्हणाले, "उजवा कामावर येतो, हा रजेवर असतो." त्या दिवसापासून वर्षभर तू डाव्या हाताने दात घासलेस, डाव्या हाताने जेवलीस, डाव्या हाताने वेणी घातलीस. ती वेणी घेऊन तू शाळेत जात होतीस, हे धैर्य लहान नव्हे. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य काठीने जमीन ठोकून निषेध नोंदवत, तेव्हा तू मान वर करून म्हणायचीस, "काका, उशिरा येताय." मी तुला त्याबद्दल रागावलो होतो. वास्तविक ते खरोखरच अर्धा ठोका उशिरा येत असत.

आता माझ्या घड्याळाकडे येतो. तू चौदा वर्षांची असताना आमच्या कार्यालयाने मला अचूक कामाबद्दल एक स्टॉपवॉच भेट दिले होते, ते तुला चांगलेच आठवत असेल. मार्गावर बसमध्ये स्वतः बसून, ते हातात धरून, मी प्रत्येक फेरीला लागणारा वेळ मोजत असे आणि त्यावरून वेळापत्रक बांधत असे. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे ताळा जमल्याशिवाय मला घास उतरत नाही, हे घरात सर्वांना माहीत आहे. घरातली सर्व घड्याळे मी दर रविवारी सकाळी रेडिओवर लावत असे. त्याच रविवारी दहा वाजता, तू सतरा वर्षांची होतीस ते संपूर्ण वर्ष, मी तुझ्यासमोर खुर्ची मांडून बसलो. तू मिनिटाला एकशे वीस ठोक्यांची लय धरायचीस, मी मोजायचो, आणि दर वेळी ते एकशे बावीस भरत. मी वहीत लिहीत असे: दोन जास्त. बावन्न रविवार, बावन्न नोंदी, एकाही नोंदीत फरक नाही. त्यापूर्वी तू शिकवण्या घेऊन लय दाखवणारे एक यंत्र आणले होतेस. मी ते स्टॉपवॉचवर तपासले, सदोष ठरवले आणि दुकानात परत नेले. दुकानदाराने दुसरे दिले, तेही सदोष निघाले, तिसरेही. दुकानदार म्हणाला, "साहेब, आमच्याकडची सगळी अशीच आहेत." मी घरी येऊन तुम्हा दोघींना सांगितले, की संपूर्ण मालच खराब आला आहे. माझा आवाज तेव्हा काहीसा विजयी होता, असे तुझी आई म्हणते.

त्यानंतरचा प्रसंग मी टाळू शकत नाही. तू अठरा वर्षांची झालीस, शहरातल्या बँडने तुला निवडले आणि तू विचारलेस, "बाबा, जाऊ?" मी वही उघडून तुझ्यापुढे सरकवली. तू एकेक पान उलटलेस, सगळी बावन्न, आणि म्हणालीस, "म्हणजे माझ्या आतच काहीतरी पुढे पळतंय." मी म्हणालो, "आकड्यांना भावना नसतात." तू गेलीस ते बरेच केलेस. मात्र ते वाक्य सोबत नेलेस, आणि तेव्हापासून कानात यंत्र घातल्याशिवाय तू एकदाही मंचावर बसली नाहीस, हे मला गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हते.

गेल्या शनिवारच्या तुमच्या कार्यक्रमाला मी आलो होतो. तिकिटे आईने काढली होती. तुला कळवायचे नाही, असे मीच सांगितले होते. सतरावी रांग, डावीकडून चौथी खुर्ची. पडदा वर गेला तेव्हा तू सर्वांच्या मागे, उंचवट्यावर बसलेली होतीस, आणि पहिल्या ठोक्यालाच माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी पाय हलवायला सुरुवात केली. तुझा डावा हात मी ओळखला. तो आता रजेवर नाही. खरे तर सर्व कारभार तोच पाहतो. तिसऱ्या रचनेत मात्र माझी जुनी खोड उफाळली. खिशातून स्टॉपवॉच काढून मी रुमालाखाली मोजू लागलो. एकशे बावीस. पुन्हा मोजले. एकशे बावीस. आईच्या कानाशी म्हणालो, "अजून दोन जास्तच आहेत." ती मंचावरची नजर न हलवता म्हणाली, "आज तरी ते डबडं खिशात ठेवा, नाहीतर मी उठून ओरडेन." त्यानंतरची सात मिनिटे मी केवळ ऐकले. शेवटी तू एकटी वाजवलेस आणि सभागृह उभे राहिले. मीही उभा राहिलो. सर्वांच्या नंतर उठलो असेन, कारण गुडघा.

कार्यक्रम संपल्यावर आई तुला भेटायला आत गेली आणि मी मागच्या बाजूला ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. त्यांना विचारले, तिसऱ्या रचनेची लय किती ठरली होती. "एकशे वीस." मी नम्रपणे निदर्शनास आणले, की ड्रमर एकशे बावीसने वाजवत होत्या. ते वायर गुंडाळायचे थांबले. म्हणाले, "काका, त्या गाण्यात पहिल्याच मिनिटाला कानातलं यंत्र बंद पडलं. बाविसाच्या बावीस जणांचं. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. सगळ्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि तिनं गाडी जागेवर आणून उभी केली." मग त्यांनी पडद्यावर यंत्राच्या, कानांत पोचत नसले तरी संगणकात चालूच राहिलेल्या ठोक्यांच्या रेघा आणि त्यांखाली तुझ्या ठोक्यांच्या रेघा मला दाखवल्या. सात मिनिटे रेघेवर रेघ होती. मी स्टॉपवॉच पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "पोरीला नको, याला दाखवून घ्या कुणाला तरी."

रविवारी दुकान बंद असते, म्हणून आज सकाळी साडेनऊलाच मी घड्याळजींच्या पायरीवर उभा होतो. त्यांनी मागचे झाकण उघडले आणि भिंग डोळ्याला लावले. मग विचारले, "शेवटचं कधी तपासलंत?" मी म्हणालो, "कधीच नाही." घरातल्या बाकी घड्याळांना वेळ दाखवावी लागते, म्हणून त्यांची चूक उघडी पडते, हे फक्त मोजत असे, आणि जे मोजते तेच तपासावे, हे मला कधी सुचले नव्हते. ते म्हणाले, "धूळबीळ काही नाही. कारखान्यातूनच चुकीचं लागलंय. मिनिटामागे एक सेकंद मागे, जन्मापासून." मी तिथेच स्टुलावर बसलो. घड्याळाचे एक मिनिट म्हणजे खरे एकसष्ट सेकंद. तेवढ्यात एकशे वीसच्या लयीचे एकशे बावीस ठोके होतात. गणित इतके सोपे होते, की सातवीतल्या मुलाने केले असते.

तिथून डेपोत गेलो आणि ड्रायव्हर मंडळींच्या खोलीत उभा राहून हे सर्व सांगितले, कारण तासाच्या फेरीला एक मिनिट उशीर होतो म्हणून मी त्यांनाही अकरा वर्षे खुलासे मागत आलो आहे. मग सर्वांत जुने ड्रायव्हर मिशीवर हात फिरवत म्हणाले, "म्हणजे साहेब, ते मिनिट इतकी वर्षं तुमच्याच खिशात होतं होय?" हशा पिकला. मीही हसलो. नवे वेळापत्रक पुढील महिन्यापासून लागू होईल. चहा मात्र त्यांनी मला आजच पाजला.

तेव्हा, टिमकी, हे पत्र लिहिण्याचे कारण असे. सोबत ती वही पाठवीत आहे. बावन्न रविवारांपुढचे 'दोन जास्त' मी लाल शाईने खोडून तिथे 'बरोबर' असे लिहिले आहे, आणि प्रत्येक दुरुस्तीखाली सही केली आहे. पहिल्या पानावर मजकूर आहे: मोजणारा चुकला, वाजवणारी नव्हे. क्षमा मागण्याची मला सवय नाही. तिची जागा या बावन्न सह्यांनी भरून निघावी. शुक्रवारी काय कळवायचे ते तूच ठरव, परंतु माझ्या आकड्याच्या भीतीने नकार देऊ नकोस, कारण तो आकडा आता अस्तित्वात नाही. एक गोष्ट राहिली. घड्याळजींनी विचारले, "कशावर लावून देऊ?" रेडिओ समोरच होता. मी ध्वनियंत्रणावाल्यांनी दिलेले तुझ्या तिसऱ्या रचनेचे ध्वनिमुद्रण त्यांच्यापुढे ठेवले आणि सांगितले, यावर लावा. त्यांनी दुपारपर्यंत ऐकत ऐकत स्प्रिंग सरकवली. दोन वाजता घड्याळ तुझ्याशी जुळले. यापुढे त्याच्यात फरक पडला, तर मी तुला विचारीन.

तुझाच,
सतराव्या रांगेतला, डावीकडून चौथा
बाबा