जांभळ्या तुऱ्यांचा बंदोबस्त

१२ जून
ठराव: आजपासून चिडायचं नाही. मुळात मी शांत माणूस आहे. फरशीच्या धंद्यात डोकं शांतच लागतं, नाहीतर लेव्हल चुकते.
ही बहिणीकडे गेली आहे. थोडे दिवस. कारण किरकोळ. मिक्सर भिंतीवर आपटला हे खरं, पण मी तो फेकला नव्हता, नुसता जोरात सरकवला होता. मग मागच्या अंगणात जाऊन त्या जांभळ्या फुलांच्या झाडांना काठीने चांगले रट्टे दिले. राग झाडावर काढावा, माणसावर नाही, हे माझं तत्त्व. कौतुक राहिलं बाजूला, हिने बॅग भरली.

१३ जून
विचारांती खरं कारण सापडलं. मागचं अंगण! सगळं पाणी तिथेच मुरतं, कायम चिखल, आणि त्यात कमरेएवढं जांभळं जंगल. कुठल्या बाईला आवडेल? नेहमी म्हणायची, घराकडे जरा लक्ष द्या. आता देतो. अंगण सपाट, स्वच्छ, चकाचक. ती येईल, बघेल, बॅग खाली ठेवेल. साधा प्रोजेक्ट आहे. रविवारी संपवतो.

रविवार, १६ जून
विळा घेऊन उतरलो. दातओठ खाऊन एकेकाची मान उडवली. डाव्या अंगठ्याला दोन टाके. झाडांचा खातमा. हिला फोन करून सांगितलं, एक सरप्राइज आहे. तिने विचारलं, आता काय फोडलंत? मी हसलो. ती हसली नाही. नेटवर्क खराब असावं.

२ जुलै
हरामखोर परत उगवले! एक मान उडवली तिथे तीन. आधीपेक्षा दाट.
चिडलो नाही. विळा शेजारच्या डेंटिस्टबाईंच्या हौदात पडला, तो हातातून निसटून.

४ जुलै
नाइलाजाने साडूंना फोन. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. ही त्यांच्याच घरी असल्यामुळे माणूस फुशारला आहे. मी विचारलं, मारायचं कसं? त्यांनी लेक्चर दिलं. म्हणे पाणथळ कुरणातलं झाड आहे. खोड चौकोनी, पानं समोरासमोर जोडीने. वरचा भाग थंडीत मरतो, पण खाली लाकडासारखं जाड मूळ जिवंत राहतं आणि दरवर्षी नव्याने फुटतं. एका झाडाला लाखो बिया. फुलांच्या आतल्या दांड्यांची लांबी तीन प्रकारची असते, हेही सांगितलं. मी म्हटलं, दांड्या घाला चुलीत. ते पुढे काहीतरी तुकड्यांबद्दल सांगत होते, तेवढ्यात मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे, स्क्रीनला तडा गेला आहे.
ही फोनवर आली नाही. मागून भांड्यांचा आवाज येत होता. माझ्या आठवणीने काम सुचत नसणार.

७ जुलै
कटर मशीन भाड्याने आणलं. काय आवाज! काय ताकद! सगळ्यांचा बोट-बोटभर लांबीचा चुरा केला. साडूंना हे जन्मात सुचलं नसतं. वर डोकं लढवून तो चुरा पूर्ण अंगणभर आणि पुढच्या गेटपर्यंत पसरला. फुकटचं खत. पाणीही मारलं, लवकर कुजावा म्हणून.

२५ जुलै
चुऱ्याला मुळं फुटली. प्रत्येक तुकड्याला. गेटपर्यंत.
साडूंनी मुद्दाम सांगितलं नाही. घरातला माणूस असून गद्दारी.

२७ जुलै
मुलीचा फोन. दुसऱ्या शहरात नोकरी करते, त्यामुळे तिला परिस्थिती माहीत नाही. म्हणाली, बाबा, ती झाडं आईने लावली होती, लग्नानंतर पहिल्या वर्षी, तुम्हाला आठवत नाही का? रोज संध्याकाळी ती तिथेच बसायची.
आठवत नाही. पण मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. इतकी वर्षं रोज तेच बघून कंटाळली असणार. मुलगी म्हणाली, बाबा, प्लीज, ते थांबवा आणि आईची माफी मागा. मी म्हटलं, आधी काम पूर्ण, मग बोलणं. काम अर्धवट सोडणारा मी नव्हे.

३ ऑगस्ट
उकळतं पाणी. उजवं पाऊल भाजलं. झाडांना न्हाऊ घातल्यासारखं झालं, टवटवीत दिसताहेत.

१० ऑगस्ट
पेट्रोल. बघत राहावं असा जाळ! कपड्यांची दोरी, हिच्या दोन साड्या (जुन्या), डेंटिस्टबाईंचं कुंपण आणि माझ्या भुवया गेल्या. बाई अद्वातद्वा बोलल्या. पोलिसांकडे जाईन म्हणाल्या. मी त्यांना शांतपणे कुदळ दाखवली. त्या आत पळाल्या. लोकांना शांत माणसाची सवयच राहिलेली नाही.

११ ऑगस्ट
ही म्हणे स्वतःसाठी खोली बघते आहे. मुलीने मेसेज केला. म्हणजे साडूंशी पटलं नाही! मी आधीच म्हणत होतो. आता घाई केली पाहिजे.

१८ ऑगस्ट
इतके दिवस अक्कल कुठे गेली होती? मी फरशीवाला! गाडून टाकायचं! दुकानातली सगळ्यात उंची फरशी काढली, पांढरी, आरशासारखी. एरवी खाली खडी आणि सिमेंटचा थर हवा. त्याशिवाय फरशी बसवणाऱ्या कारागिराला मी त्याच दिवशी हाकलतो. पण थर सुकेपर्यंत थांबायला वेळ कोणाला आहे? चिखलावरच बसवली. लेव्हल अप्रतिम. त्यावर उभा राहून नाचलो. खाली गुदमरून मरा लेको.

१९ ऑगस्ट
हिला फोटो पाठवला. उत्तर: रविवारी येते.
येते! जिंकलो!

बुधवार, २१ ऑगस्ट
मधली फरशी किंचित कलली आहे. ऊन लागून असेल.

शनिवार, २४ ऑगस्ट
प्रत्येक सांध्यातून कोंब. हिरवे, चौकोनी, उद्धट. चार फरशा उचलल्या गेल्या.
घण घेतला. आधी कोंब ठेचले. मग ज्या फरशीखालून ते आले ती. मग शेजारची. मग हात थांबेना. दुकानातली सगळ्यात उंची फरशी. एकही शाबूत नाही. एक कपची गालाला लागली.
नंतर पायरीवर बसून रडलो. धूळ गेली होती डोळ्यांत. पण रडलो हेही खरं.
ही उद्या येणार.

रविवार, २५ ऑगस्ट
आली. बरोबर बॅग नव्हती, खुरपं होतं. चहा तयार होता, तिने घेतला नाही. थेट मागे गेली. फुटक्या फरशा, जळकी माती, आणि कोपऱ्यातल्या तुकड्यांत जाळातून नि घणातून वाचलेला एक जांभळा तुरा. मी म्हटलं, चिडू नकोस, अजून एक आयडिया आहे. ती खाली बसली, तुकडे बाजूला केले, आणि तुऱ्याचं झाड मुळासकट काढलं. खोली मिळाली आहे म्हणाली. मागे ओलसर जागा आहे, तिथे लावणार.
मी विचारलं, मग घरी कधी येतेस? माझं काय चुकलं ते सांग, मी तेही उपटून टाकतो.
ती म्हणाली, ते झाड आहे, कितीही मारलंत तरी पुन्हा उगवतं. मी माणूस आहे.
झाड न्यायला काही नव्हतं. मी न्हाणीघरातली निळी बादली दिली. जड झाली होती, रिक्षापर्यंत मीच नेली. दाराजवळ तिचा हात माझ्या हाताला लागला. मी आवाज चढवला नाही, एकदाही नाही. हे तिच्या लक्षात आलं असणार.
शिवाय बादली आपली आहे. परत द्यायला तिला यावंच लागेल. तेव्हा नीट बोलतो.

२८ ऑगस्ट
साडू सकाळी बादली गेटपाशी ठेवून गेले. स्वच्छ घासून. बेलही वाजवली नाही.