फ्लॉपीवरचं पत्र

ती. अण्णा,
साष्टांग नमस्कार.

तुमच्याच खुर्चीत बसून, तुम्ही उतरवून घेतलेल्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे लिहितेय. तुम्ही गेल्यापासून महिनाभर कॉम्प्युटर बंदच होता. आज तुमचा संजय तो चालू करून म्हणाला, "वृंदा, फार स्लो झालाय गं. सगळं पुसून नव्याने टाकूया." म्हटलं, पुसायच्या आधी मला एकदा बघू दे. बरं झालं बघितलं! नाहीतर तुमच्या सुनेच्या हातून आणखी एक घोळ झाला असता.

तुमचा हात थरथरायला लागला तेव्हाची गोष्ट. इंदूरहून सुमनताईंचा फोन आला, "अण्णा, तुमचं अक्षर आता लागतच नाही हो. त्यापेक्षा फोन करत जा." लेकीने सहज म्हटलं. पण तुम्ही पेन ड्रॉवरमध्ये ठेवलंत ते परत काढलंच नाहीत.

मग एक दिवस पेपरातलं कात्रण घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात. "यात म्हणतात, मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर इंटरनेटवर फुकट मिळतं. फुकट म्हणजे काय गं? कोण देतो? आणि का?"

मला तरी कुठे माहीत होतं! पण बसलो दोघं. एकदा निम्मं उतरलं आणि लाइट गेली. दुसऱ्यांदा संजयने आतल्या खोलीतला फोन उचलला आणि त्याच लाइनवरचं इंटरनेट तुटलं. तिसऱ्या वेळी तुम्ही फोनवर चिठ्ठी चिकटवलीत, 'काम चालू आहे. उचलू नये.' पूर्ण उतरलं तेव्हा तुम्ही टाळी वाजवलीत. आठवतंय?

पुढे ते बसवताना इंग्रजी अटींचं लांबलचक पान आलं, खाली 'आय अ‍ॅग्री'चं बटण. मी म्हटलं, "दाबा अण्णा. ते कोणी वाचत नाही. नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट करत जायचं." तुम्ही असं बघितलंत, जणू मी कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा मागत होते! "बत्तीस वर्षं दस्त नोंदवले मी. न वाचता सह्या केलेली माणसं माझ्या टेबलासमोर रडलीत. मी वाचणार."

दोन दुपारी तुम्ही डिक्शनरी घेऊन वाचत होतात. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले, तर सॉफ्टवेअर बसलेलं. एकट्याने! "वाचून पाहिलं आणि कबूल केलं," म्हणालात. "चांगला माणूस आहे गं. म्हणतो, वापरा आणि दुसऱ्यालाही द्या." मी हसले. त्या अटी मी आजवर एकदाही वाचलेल्या नाहीत.

आता तो गुरुवार. माझ्या डब्याच्या पिशवीत तुम्ही फ्लॉपी ठेवलीत, वर वाकड्यातिकड्या अक्षरात 'वृंदा'. "ऑफिसात उघड. इथे नको." मला वाटलं, सुमनताईंना लिहिलेलं पत्र छापून हवंय.

तुर्भ्याच्या ऑफिसात उघडली, तर आत एकच चित्र, कोपऱ्यात छोटा बाण. दाबलं, तर फाइल सापडत नाही म्हणे. घरी आले ती चपला काढता काढताच सुरू झाले. "अण्णा, यात काहीच नाहीये! नुसता शॉर्टकट दिलात. खरी फाइल घरीच राहिली. किती वेळा सांगायचं?"

"शॉर्टकट? मी?" तुमचा चेहरा! सोसायटीच्या भिंतीला पडलेल्या भोकातून सगळं नेरूळ ये-जा करायचं, तुम्ही मात्र गेटला वळसा घालून यायचात. "म्हणजे, पोहोचलं नाही?"

"नाही. रविवारी मी बघते. तोवर हात लावू नका."

तुम्ही हात लावला नाहीत. शनिवारी सकाळी फिरायला गेलात आणि वाटेतच कोसळलात. रविवारी घर माणसांनी भरलेलं होतं.

अण्णा, तुम्हाला शोधत बसायला नको म्हणून पत्रांच्या फोल्डरचा तो बाणवाला शॉर्टकट डेस्कटॉपवर मीच करून ठेवला होता. तुम्ही विश्वासाने तोच उचललात. चूक माझी आणि ओरडा तुम्हाला! उलटून बोलायचं तरी होतंत.

आज ते फोल्डर उघडलं. आत दोन पत्रं आहेत. पहिलं सुमनताईंना नाहीच, मला आहे. जोडाक्षरं फुटलीत, पण सगळं लागतं.

'चि. वृंदास अनेक आशीर्वाद. पहिलं पत्र तुला, कारण तू शिकवलंस. तू चिडतेस, पण पुन्हा खुर्ची ओढून शेजारी बसतेस. हल्ली माझ्याशेजारी इतका वेळ कोणी बसत नाही. हे तुझ्या ऑफिसात नीट उघडलं तर सांग. पोहोचतं अशी खात्री झाली की सुमनला लिहायला घेतो. तिला पुष्कळ सांगायचं आहे.'

दुसऱ्या पत्रात एकच ओळ. 'चि. सुमनस अनेक आशीर्वाद.' पुढे सगळं कोरं.

माझ्या उत्तरासाठी थांबला होतात ना? आणि मी म्हटलं, हात लावू नका. त्या कोऱ्या पानासमोर किती वेळ रडले, सांगता येत नाही.

काही पुसणार नाही, संजयला सांगितलंय. मे महिन्यात इंदूरला जाईन. सुमनताईंच्या घरी नवा कॉम्प्युटर आलाय. हे सॉफ्टवेअर त्यावर बसवीन, नाहीतर तुमची मराठी अक्षरं तिथे दिसायची नाहीत. तुमची ती एक ओळ त्यांना दाखवीन, खरी फाइल नेली आहे ना हे दोनदा तपासून. पुढचं कोरं का राहिलं, तेही माझ्या तोंडाने सांगीन. आणि अटींचं पान आलं की दोघी शेवटपर्यंत वाचू. वचन देते.

तुम्ही विचारलं होतंत, म्हणून सांगते. तुमचं पत्र पोहोचलं, अण्णा. पूर्ण वाचलं.

तुमची चिडकी सून,
वृंदा