सखूचे दात आणि डॉक्टरांचा कॅन

मिरकरवाडा, रत्नागिरी
४ मार्च १९८६

चि. हरिश्चंद्र यास थोरल्या बहिणीचा, येसूचा, पोटभर आशीर्वाद. तू, काशी आणि पोरं बरी असालच, नसतात तर कळवलं असतंत. माझा गुडघा सोडून इथे सगळे धडधाकट. तू इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून कायम झालास, बरं झालं. अक्षर माझं चौथीतलं आहे, लावून वाच, हसू नको.

आता ऐक. गेल्या महिन्यात शाळेत मुंबईचे डॉक्टर आले. म्हणे जाळ्यांच्या वजनांचं शिसं पोरांच्या अंगात जातं, ते प्रयोगशाळेत मोजायचंय. मी म्हटलं, शिसं जातं समुद्रात, पोरांच्या अंगात कशाला शिरेल? (आपल्या बापाने जन्मभर चुलीवर शिसं वितळवलं आणि सत्तरी गाठली. शेवटी भिंतीशी बोलायचा, पण ते वयाने.) माझ्या नातीचं, सखूचं, पोट अधूनमधून दुखतं, पाढे विसरते, म्हणून शाळेतल्या बाईंनी तिचं नाव पहिलं घातलं. पोट दुखतं कैऱ्या खाऊन. पाढे तर मलाही कधी आले नाहीत.

सून बाळंतपणाला जयगडला, लेक समुद्रावर, तेव्हा सगळं माझ्याच डोक्यावर. त्या डॉक्टरांतल्या डॉक्टरीणबाईने एक पांढरा कॅन दिला आणि सांगितलं, पोरीचं दिवसभराचं मूत ह्यात धरा. हरिश्चंद्रा, तो कॅन तू बघायला हवा होतास. झाकणाला आटे, थेंब गळायचा नाही. असल्या वस्तूत मूत भरायला माझं डोकं फिरलं नव्हतं. मी त्यात कोकमाचं आगळ भरलं आणि मूत आपल्या पत्र्याच्या डब्यात धरलं. डबा चांगला होता. त्यात नुसती शिशाची चुरी असायची, आणि राखेने तीनदा घासला होता. (माझं घासणं तुला ठाऊक आहे, लहानपणी तुझी पाठ मीच घासायची.) शाळेत त्यांच्या माणसाने ते बाटलीत ओतून घेतलं, चकार शब्दाने विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी दारात जीप. डॉक्टरीणबाई पळतच आत आली. "पोर कुठे आहे? शुद्धीवर आहे ना?" पोर पेरूच्या झाडावर होती. मी हाक मारली, "उतर गो बाय, तुला बेशुद्ध पडायचंय!" बाई म्हणाली, एवढं शिसं आजवर कुणाच्या मुतात सापडलं नाही. मी म्हटलं, आधी घाम पुसा, सरबत घ्या. दोन पेले प्यायली. तिसऱ्याला मी आगळ घ्यायला कॅनच बाहेर आणला. तिचा चेहरा आगळापेक्षा लाल झाला. "अहो, ह्यात ते..." "ह्यात कसं असेल? ते डब्यात धरलं!" डबा बघितला आणि तिने कपाळावर हात मारला. म्हणजे त्यांच्या यंत्राने माझा डबा मोजला आणि सखूच्या नावावर लिहिला! मी वाडाभर सांगून आले. एवढी शिकलेली माणसं, पण डब्यातलं आणि पोरीतलं कळेना.

तरी जाता जाता बाईने सखूच्या दंडातून रक्त काढून नेलंच. नेऊ दे. पोर रडली नाही, दात आवळून बसली. मागच्या पत्रात लिहिलंच होतं, तिचे दात म्हणजे अडकित्ता.

बाकी क्षेम.
तुझी येसू

ता.क. पत्र टाकायचं राहिलं होतं, बरंच झालं. रक्ताचा कागद घेऊन बाई काल परत आली. सरबत नको म्हणाली. शिसं असावं त्याच्या दुप्पट आहे, आणि रक्त काही माझ्या डब्यात नव्हतं. बाईने विचारलं, पोर शिसं तोंडात घालते का? मी नाही म्हणणार, तोच सखू म्हणाली, "आजीचे दात पडले ना, म्हणून जाळ्याच्या दोरीवरची शिसं मीच चावून बसवते." शिकवलं मीच. कौतुकही मीच केलं.

आणखी ता.क. सोमवारच्या एस.टी.ने तिला घेऊन येते. तुझ्या इस्पितळात लहान मुलांचा चांगला डॉक्टर बघून ठेव, केसपेपर आधीच काढ. आम्ही काही दिवस तुझ्याकडेच राहू, काशीला सांग, हे एकाचं दुसऱ्याला लागणारं दुखणं नाही. शिशाची कढई आणि डबा मी घराबाहेर काढले, लेक ओरडेल, ओरडू दे. बाईने ह्या वेळी नवा कॅन दिलाय, त्यात काही भरलेलं नाही. आणि सखूच्या दातांची बढाई मारलेलं मागचं पत्र जपून ठेवलं असलंस, तर फाड.