आत्तीचा उघड्या डोळ्यांचा फोटो

शिवाजी पेठ, कोल्हापूर
बुधवार

तीर्थरूप गणपतरावकाकांस सयाजीचा वाकून नमस्कार.

इकडं आम्ही सगळे धडधाकट आहोत. तिकडं शाहूवाडीत भाताची कापणी उरकली का, काकींची कंबर काय म्हणते आणि म्हैस व्याली का, ते कळवा. (आधी म्हशीचं विचारणार होतो, पण तुम्हाला पत्र काकीच वाचून दाखवतात, म्हणून क्रम बदलला.) तुमच्या राजवर्धनचा कॅमेरा सुखरूप आहे, हे आधीच लिहून टाकतो. पत्र आणि कॅमेरा दोन्ही त्याच्याच हाती पाठवतोय.

कॅमेरा कशाला मागून घेतला, ते त्याला गडबडीत नीट सांगितलं नव्हतं. यंदा फुटबॉलचा हंगाम सुरू होताना धोंडुआत्तीचा सत्कार करायचा, असं आपल्या तालमीनं ठरवलंय. तुमची ही थोरली बहीण परकर नेसत होती तेव्हापासून तालमीच्या टीमची मॅच चुकवत नाही आणि रेफ्रीला सोडत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं! तर चौकात तिचं भलंमोठं डिजिटल पोस्टर लागणार. ते छापणारा बाळासो म्हणाला की मोबाईलवर घरात काढलेला फोटो एवढा मोठा केला की फुटतो, चांगल्या कॅमेऱ्याचा आणा. आणि गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आत्ती आमच्या दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही. म्हणजे फोटो घरातच काढायचा, आणि घरात उजेड किती असतो ते तुम्ही आमच्या जिन्यावर दोनदा पडून अनुभवलेलं आहेच.

आधी जुने अल्बम काढले. काका, जावळापासून लग्नांपर्यंत एकाही फोटोत आत्तीचे डोळे उघडे नाहीत. फ्लॅश उडाला की मिटलेच. तोंड पिठात घोळल्यासारखं पांढरं आणि मागं भिंतीवर आणखी एक काळी आत्ती. असला फोटो चौकात लागला, तर खालचं 'हार्दिक अभिनंदन' वाचायला कोण थांबणार? लोक लांबूनच चपला काढून हात जोडतील. आत्तीलाही तीच धास्ती. "मी हितं च्या पितोय आणि खाली बायका माझ्या नावानं रडत्यात, असलं कायबी नगं मला," असं तिनं बजावलं.

पहिला फोटो काढला तो अल्बममधल्यासारखाच आला. मग राजवर्धननं फोनवरून सांगितलं की कॅमेऱ्याचा फ्लॅश टिचभर असतो, सगळा उजेड एका जागेवरून तोंडावर आदळतो. त्याच्या पुढं काहीतरी धरून तो मऊ करायचा. मी खिशातला रुमाल धरला. रुमाल लाल होता. (फोटोतली आत्ती बघून आमची ही ताप बघायचा थर्मामीटर घेऊन आली.) मग पांढऱ्या कागदाची घडी धरली, तर आत्तीच दिसेना, नुसती नथ दिसायला लागली. मग म्हटलं उजेड सरळ पाडायलाच नको, फ्लॅशसमोर पांढरा पुठ्ठा तिरका धरून छतावर पाठवू, तिथून तो पसरून खाली येईल. युक्ती बरोबर होती. पण आमचं छत दिवाळीला मी हौसेनं पोपटी रंगवून घेतलंय. आत्ती अशी हिरवीगार आली की जणू तिला आत्ताच रंकाळा तळ्यातनं वर काढलंय. तिनं तो फोटो बघितला आणि म्हणाली, "ह्यो लावा. समोरच्या टीमची पोरं भिऊन मॅच सोडतील."

शेवटी श्रीखंडाचा पांढरा डबा कामाला आला. (तो रिकामा करायला मला आणि हिला नाइलाजानं बसावं लागलं. साखर असल्यामुळं आत्तीला दिलं नाही, हा राग तिनं अजून धरलाय.) डब्याचा तुकडा कापून फ्लॅशपुढं चार बोटांच्या अंतरावर बसवला, फ्लॅशचा जोर थोडा उतरवला, खुर्ची भिंतीपासून ओढून खिडकीशी आणली आणि बटण दाबलं. काका, काय सांगू! कपाळावरची चकाकी गेली, मागची काळी आत्ती गेली, सुरकुत्यासुद्धा मायेनं बसल्यासारख्या दिसतात. आणि डोळे टक्क उघडे! तोंडभर हसू! बाळासोनं फोटो बघून "झकास!" म्हटलं आणि माझा जीव भांड्यात पडला. सत्कार येत्या रविवारी संध्याकाळी आहे. पोरं तिला खुर्चीसकट खाली उतरवणार आहेत. एकंदरीत सगळं निभावलं.

काकींना नमस्कार. म्हशीला जपा.

तुमचा पुतण्या,
सयाजी

ता. क. : राजवर्धनला वाटतंय की सगळी किमया डब्याची. उजेड डब्यानं मऊ केला, हे खरं. पण डोळे डब्यानं उघडले नाहीत. फ्लॅश येणार ह्या धसक्यानंच ती आधी मिटून घेत होती. कितीतरी फोटो वाया गेल्यावर माझ्या तोंडातून निघून गेलं, "आत्ती, दारात बघ, गणपतरावकाका आलेत." आणि तिनं बघितलं. हसू आहे ते तुमच्यासाठीचं आहे.

आणखी एक ता. क. : तुम्ही गाडी लावायला गेलाय, असं मी पुढं सांगितलं. पेठेत गाडीला जागा मिळत नाही हे तिला माहीत आहे, म्हणून दिवेलागणीपर्यंत तिनं वाट बघितली. त्यानंतर मला जे बोलली, ते काकींना वाचून दाखवता येणार नाही. गेल्या हंगामात समोरच्यांच्या गोलाला तुम्ही टाळी वाजवलीत, तेव्हापासून तुम्ही दोघं बोलत नाही. फोनवर तिचं नाव काढलं की तुमची रेंज जाते, म्हणून हे पत्र. रविवारी या. मी तिला विचारलं, काका खरंच आले तर टाळीचं काढणार का? तर म्हणाली, "न्हाय काढत. जेवलास का, एवढंच इचारतो."