सोमवारपर्यंत राखून ठेवलेला सल्ला

गेवराई

प्रिय आरोही,

नोकरी सोडून माझ्यासारखी स्वतंत्र शेती सल्लागार होऊ का, असं तू फोनवर विचारलंस आणि मी नीट उत्तर दिलं नाही. आज देते. पत्र तुझ्या आईला दाखवू नकोस. तिच्या मते मी आधीच तुला बिघडवलंय.

साखर कारखान्याच्या ऊस विभागात मी बरीच वर्षं काढली. तिथे साहेबांना आवडेल तेच बेणं चांगलं. बाहेर पडले तेव्हा लोक हसले, की ही बाई स्कूटीवर बांधाबांधानं फिरणार आणि नुसतं बोलायचे पैसे घेणार. घेतले. आज लांबच्या चौसाळ्याहूनही बोलावणं येतं. ज्याच्याशी पटत नाही त्याच्या बागेत मी पाऊल टाकत नाही. ताप आला तर रजेचा अर्ज नाही. अर्थात त्या दिवशी मिळकतही नाही, हे लक्षात ठेव. उन्हाळ्यात कधी कधी फोन वाजतच नाही. तेव्हा मी लोणचं घालते, घाबरत नाही.

पण खरा फायदा वेगळा आहे. माझ्याकडे विकायला काही नाही. म्हणून ‘काही विकत घेऊ नका’ असं मी सांगू शकते. तुझ्या खतं-औषधं विकणाऱ्या कंपनीत हे वाक्य उच्चारायची सोय नाही.

परवा उमापूरच्या मोहनरावांकडे गेले होते. मोसंबीची पानं पिवळी, फळगळ सुरू. ते म्हणाले, “बाई, तुमी औषध इकत न्हाई, खत इकत न्हाई, मग आमच्या बागंचं तुमाला एवढं कावून पडलंय?” म्हटलं, तुमच्याकडचा चहा लई गोड असतो. मग झाडाखाली कुदळ मारली. मुळं काळी, कुजका वास. पाणी साचतंय. पाणी तोडायचं, चर काढायचा, संपलं. हे सांगणार तोच ते म्हणाले, “तुमच्या भाचीनं टॉनिक सांगितलंय. महाग हाय, पर घरचीच पोर, म्हणून तुमाला इचारलं न्हाई. सोमवारी पाण्यातनं झाडाला सोडतो.”

सोमवारी मी येईपर्यंत थांबा, एवढंच म्हटलं.

आरोही, तू त्या बागेत उभी राहिली होतीस. मुळं कुजलीत हे तुला कळलं नाही, असं मी मानत नाही. तुला महिन्याची विक्री दाखवायची होती. सल्ला राखून ठेवायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली, आणि ती तुझ्यासाठी. सोमवारच्या आधी उमापूरला जा आणि तुझ्या तोंडानं ते टॉनिक मागे घे. कंपनी काय म्हणेल, ते तुझं तू बघ. नोकरी गेली तर माझ्याकडे काम आहे. तू गेली नाहीस, तर सोमवारी मी सगळं सांगेन, तुझं नाव घेऊन. आणि मग माझ्यासारखं होण्याचं पुन्हा विचारू नकोस.

तुझीच,
वत्सलामावशी