ज्यांना खात्री आहे त्यांनी खिडकीकडे

तीर्थरूप ताई,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात वाकलो. भावनेत कसूर नाही.) तुझा गुडघा कसा आहे? मी सांगितलेला व्यायाम तू बंद केलास आणि लगेच आराम पडला, असं भाच्याने कळवलं. म्हणजे व्यायामाचा गुण जरा उशिरा आला, पण आला. भावोजींना सांग, त्यांचा खोकला छातीचा नाही, सवयीचा आहे. डॉक्टर काय म्हणतात त्याकडे लक्ष देऊ नये. डॉक्टरांना फक्त खोकला कळतो, मला भावोजी कळतात.

इकडे सर्व क्षेम. तुझी भावजयही ठीक आहे. फक्त ती माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण 'जेवण वाढलंय' आणि 'दार लावून घ्या' यापलीकडे जात नाही. भांडत असती तर मी केव्हाच जिंकलो असतो. ती भांडत नाही, हीच पंचाईत आहे. आणि येत्या रविवारी आमच्या गानमंडळाची स्पर्धा आहे. या दोन गोष्टींचा संबंध आहे, तो सांगण्यासाठी हे पत्र.

आमचं मंडळ वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरतं. एक खोली, घडीच्या खुर्च्या, समोर खिडकी, मागे दार. सभासद सगळे सुशिक्षित. एक निवृत्त न्यायाधीश आहेत, एक दंतवैद्य आहेत (चुकीचा दात काढल्यानंतरही ज्यांचा हात थरथरत नाही, अशा जुन्या घडणीचे), विमा कंपनीतल्या दोघी आहेत, आणखी काही मंडळी आहेत, आणि मी अध्यक्ष आहे. माझी निवड एकमताने झाली. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, यावरून एकमत किती होतं ते दिसतं. हीसुद्धा माझ्याबरोबर येते. एकटीने घरी बसून काय करणार, म्हणून मीच तिला नेऊ लागलो. गाण्यातलं तिला फारसं कळतं असं मला कधी वाटलं नाही. ती गाते, पण गाण्याविषयी बोलत नाही. ज्याला विषय कळतो तो इतका वेळ गप्प राहूच शकत नाही, हा माझा अनुभव आहे.

आम्ही वाद्याशिवाय गातो. शिकवणाऱ्या बाई एक पोलादी काटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरतात, त्यातून निघालेला सूर गुणगुणून आम्हाला देतात, आणि तिथून पुढे आम्ही आणि आमचं नशीब. (दंतवैद्यांना पहिल्या दिवसापासून संशय आहे की तो काटा त्यांच्या दवाखान्यातला आहे.) तर महिनाभर असं होत होतं की गाण्यात कुठेतरी काहीतरी किंचित खटकायचं. बाई गाणं थांबवायच्या, ओठ चावायच्या, पुन्हा सुरू करायच्या. शेवटी एका संध्याकाळी म्हणाल्या, काही जणांचा सूर हलतोय, कोणाचा ते मी सांगणार नाही, ज्याचं त्याला कळलं पाहिजे. ही बाई वयाने लहान आहे. ज्याचं त्याला कळतं, असं अजून वाटण्याचं तिचं वय आहे.

मग तिने एक युक्ती काढली. ज्यांना आपला सूर पक्का असल्याची खात्री आहे त्यांनी खिडकीकडे उभं राहायचं, ज्यांना थोडी शंका आहे त्यांनी दाराकडे. तिचा फोन वाजला म्हणून ती जिन्यात गेली आणि आम्ही जागा घेतल्या. ताई, खिडकीकडे इतकी दाटी झाली की न्यायाधीशांचा चष्मा विमेवालीच्या केसांत अडकला. मी अर्थातच सर्वांत पुढे. माझ्या आवाजाबद्दल वडील काय म्हणायचे ते तुला आठवत असेल: 'हा गायला लागला की लांबून कळतं.' एरवी त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघत नसे, म्हणून तो माझ्या ध्यानात राहिला. पाहतो तर दाराकडे एकटी ही उभी. शांतपणे. हातात पर्स.

आता तूच सांग, आम्ही काय निष्कर्ष काढायचा? महिनाभर चोर सापडत नव्हता आणि चोर स्वतः चौकीत येऊन उभा राहिला होता. न्यायाधीश हळूच म्हणाले की कबुलीजबाबानंतर पुराव्याची गरज उरत नाही. दंतवैद्य म्हणाले, किडलं की काढावं, भरत बसू नये. बायकोचा मुलाहिजा ठेवला असं कोणी म्हणायला नको म्हणून ठराव मीच मांडला. (निःपक्षपातीपणा म्हणतात तो हाच. घरी त्याला वेगळा शब्द असावा, पण अजून तो उच्चारला गेलेला नाही.) प्रामाणिकपणाबद्दल तिचे आभार मानून तिला गाण्याच्या जबाबदारीतून मोकळं केलं. ती 'बरं' म्हणाली आणि जिना उतरली. माझी छत्री घेऊन गेली. बाई फोन संपवून वर आल्या तेव्हा सगळं उरकलं होतं. बाई खुर्चीवर बसल्या. त्या दिवशी त्यांनी शिकवलं नाही.

पुढच्या तालमीला आम्ही असे गायलो ताई, की काय सांगू! अंगातून काटा निघाल्यासारखं सगळ्यांना मोकळं वाटत होतं. पहिलं कडवं जोरात. दुसरं त्याहून जोरात. तिसऱ्यात विमेवाल्या दोघी वर गेल्या, न्यायाधीश तळघरात उतरले, आणि दंतवैद्य एका स्वतंत्र गावी पोचले. मी माझ्या जागेवर ठाम होतो. बाकीचे माझ्यापासून सरकत होते. शेवटची ओळ संपल्यावर बाईंनी काटा आपटला. आम्ही निघालो होतो एका घरून आणि पोचलो होतो भलत्याच घरी, तिथेही प्रत्येकजण वेगळ्या खोलीत. बाई म्हणाल्या, "तुम्ही सगळे त्यांच्या आवाजाला धरून चालला होतात. तीच भिंत पाडलीत."

मग दंतवैद्य म्हणाले की काटा बिघडला असणार.

हे सर्वांना पटलं. पण बाई हट्टी. त्यांनी पुन्हा खिडकी आणि दार केलं. आम्ही पुन्हा खिडकीकडे गेलो. (झाल्या प्रकारानंतर आता कोणाला तरी शंका आली असेल, या आशेने मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत होतो. तेही माझ्या तोंडाकडे पाहत होते. का, ते कळलं नाही.) दाराकडे कोणी नाही असं पाहून बाई स्वतः दाराकडे गेल्या. आणि तिथून खाली. त्यांचा निरोप आला आहे: 'त्या परत आल्या तर मी येईन.'

माणसं स्वतःला किती कमी ओळखतात! मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं, सगळ्यांनी मान डोलावली आणि प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिलं. असो. मला कसलीच चिंता नाही. तुझ्या तब्येतीची विचारपूस करावी, एवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पत्र हाती पडताच हिला फोन कर. मी लिहिलं असं सांगू नकोस. सहज बोलता बोलता गाण्याचा विषय काढ आणि मंडळात परत जा म्हणून सांग. तुझं ती ऐकते. माझंही ऐकते, पण परवापासून ऐकून भाजी चिरत राहते. पूर्वी चिरताना गुणगुणायची, तेही बंद आहे. घर फार मोठं वाटतं.

दुसरा ता. क. तिच्यावाचून अडलं आहे असं मात्र बोलू नकोस. मंडळाने मोठ्या मनाने माफ केलं आहे, असं म्हण. नाहीतर डोक्यावर चढून बसेल.

तिसरा ता. क. फोन करू नकोस. काल पाकिटाला डिंक मागायला स्वयंपाकघरात गेलो होतो, तेव्हा शेवटी मीच विचारलं, की एवढी शंका होती तर महिनाभर गायलीस कशी? म्हणाली, "शंका कसली? खिडकीकडे उभं राहायला जागा ठेवली होतीत का कोणी?" मग, ठराव झाला तेव्हा बोलली का नाहीस? तर म्हणे, "तुमच्यातल्या एकाला तरी हसू येईल म्हणून वाट पाहत होते." बघ, म्हणजे हिलाही खात्रीच होती! मी समजत होतो, घरात एक तरी विनयी माणूस आहे.

ती रविवारी यायला तयार आहे. एकच अट घातली आहे. मी तिच्या शेजारी उभं राहायचं, पण गायचं नाही, नुसते ओठ हलवायचे. बाईंनाही तिने फोनवर हे सांगितलं, तेव्हा पलीकडून बराच वेळ आभार ऐकू येत होते. मी मंडळाच्या हितासाठी मान्य केलं. कालपासून आरशासमोर सराव चालू आहे, आणि ताई, तुला म्हणून सांगतो, ओठ हलवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या स्पर्धेत कोणी सापडणार नाही.